पिकअपचा हौदा: किती भरावा, कुठे ठेवावा, कसा बांधावा

वाचकांच्या प्रश्नांपैकी या वेळी बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांबद्दलचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमधले हिशेब मुद्दाम पूर्ण मांडले आहेत, म्हणजे आपापल्या गाडीचे आकडे घालून ते घरी करून पाहता येतील.

प्रश्न: माझ्या पिकअपच्या आरसीवर एकूण वजन २९८० किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन १६७० किलो आहे. हौद्याच्या तळाला ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा मारून घेतला आहे, मागच्या स्प्रिंगला दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला आहे. जांभ्याचे चिरे वाहतो. एका खेपेला किती चिरे भरावेत? – कुडाळ

कोरडे असतील तर ३४, पावसात भिजलेले असतील तर ३१. तुम्ही कदाचित ४३ भरत असाल, कारण आरसीवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी १३१० येते आणि एक चिरा साधारण ३० किलोचा असतो. पण ते १३१० किलो म्हणजे सगळा माल नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नाहीत. दोघांचे १४० किलो वजा करा. ३ मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं. हौदा अडीच मीटर लांब आणि एक मीटर सत्तर रुंद धरला तर पत्राच १०० किलोंचा झाला. दोर, ताडपत्री, पहार, फावडी यांचे ३० किलो धरा. उरले १०४०. भिजलेला चिरा ३३ किलोंपर्यंत जातो, म्हणून ३१. चिऱ्याचा आकार खाणीप्रमाणे बदलतो, तेव्हा दहा चिरे एकदा काट्यावर घालून तुमची सरासरी काढा.

वाळू-खडीवाल्यांनीही हा हिशेब करावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू ब्रासला साडेचार टनांच्या आसपास, ओली पाच टनांच्या पुढे. म्हणजे तुमच्या गाडीला पाव ब्रास कोरडी वाळूसुद्धा जास्त होते. हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून मोह होतो. जड मालाच्या बाबतीत हौदा भरलेला दिसणं हे मापच नव्हे. भरलेली गाडी एकदा भुईकाट्यावर घाला आणि त्याच वेळी पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर ठेवून पुढच्या एक्सलचं वजनही घ्या. हा दुसरा आकडा फार कमी जण घेतात, पण गाडी हातात राहणार की नाही हे तोच सांगतो.

आता पाट्याबद्दल. पाटा वाढवला की गाडी कमी बसते, पण आरसीवरचा आकडा तोच राहतो. टायर, एक्सल, बेअरिंग, ब्रेक यांतलं काहीही वाढलेलं नसतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अनेक पिकअपना मागच्या एक्सलपासून चॅसीपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते आणि तिच्या वर ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की मागची बाजू बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. गाडी रिकामी असेल तर कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. तुम्ही पाटा वाढवल्यावर भरलेली गाडीही पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ऐन भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक अर्धवट लागतात. गाडीखाली वाकून ती दांडी आहे का पाहा. असेल तर जादा पाटे काढून टाका.

चिरे केबिनमागच्या पुढच्या जाळीला टेकवून एकाच थरात लावा. ३४ चिरे हौद्याचा पुढचा दोन तृतीयांश भाग व्यापतात. शेवटच्या ओळीमागे आडवा वासा टाका आणि त्याला मागच्या फाळक्यापर्यंत, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या दारापर्यंत, दोन टेकू द्या, नाहीतर चढावर सगळी ओळ मागे सरकते आणि फाळक्याच्या कड्यांवर येते.

प्रश्न: कोल्हापूरहून लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन घेतलं आहे. वजन ८०० किलो, लांबी सहा फूट. पिकअपमधून सांगोल्याला आणायचं आहे. हौद्यात नेमकं कुठे ठेवावं आणि कसं बांधावं? ड्रायव्हर म्हणतो, चार दोर घट्ट मारले की हलणार नाही.

ड्रायव्हरचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते का, हे नीट समजून घ्या. या पानावरच्या बाकी उत्तरांचाही आधार तोच आहे.

आधी जागा. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरा. मशीनच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे पडला तर मागच्या एक्सलवर ८०० नव्हे, ९६० किलो येतात आणि पुढचा एक्सल १६० किलोंनी उचलला जातो. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं, वळणावर पुढची चाकं सरळ ओढतात, ब्रेक मारला तरी पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. तेच मशीन एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवलं तर मागे ७२० आणि पुढे ८० किलो जातात. गाडी अशीच हवी. पण लेथच्या वजनाचा मध्य त्याच्या लांबीच्या मध्यावर नसतो. हेडस्टॉककडची बाजू, म्हणजे गिअर, स्पिंडल, चक आणि मोटर असलेली बाजू, बरीच जड असते. क्रेनने उचलताना पट्टा पुढे-मागे सरकवून मशीन ज्या जागी समतोल राहील तिथे खडूची रेघ मारा. तो खरा मध्य. हेडस्टॉक केबिनकडे करून ती रेघ मागच्या चाकाच्या मध्याच्या थोडी पुढे येईल असं मशीन ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंच्या हिशेबाने मात्र मशीन हौद्याच्या मधोमधच हवं.

दुसरी गोष्ट कलंडण्याची. वळणावर किंवा अचानक स्टेअरिंग कापलं तर माल त्याच्या वजनाच्या निम्म्या जोराने बाजूला ढकलला जातो असं धरून बांधणी करायची असते. लेथचे पाय साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि वजनाचा मध्य ७० सेंटिमीटर उंच असेल, तर निम्मी रुंदी २० भागिले उंची ७० म्हणजे ०.२९. हा आकडा ०.५ च्या वर हवा. इथे तो कमी आहे, म्हणजे लेथ घसरण्याआधी आडवं पडेल. उपाय जुना आहे: १० बाय १० सेंटिमीटरच्या, ९० सेंटिमीटर लांबीच्या दोन बाभळीच्या किंवा सालच्या ओंडक्यांवर लेथचे पाय त्यांच्याच फाउंडेशनच्या भोकांतून बोल्टने आवळा. आता निम्मी रुंदी ४५, उंची ८०, भागाकार ०.५६. ओंडके हौद्याखालच्या आडव्या चॅनलवर येतील असे ठेवा. नुसत्या पत्र्यावर चार पायांचा भार आला की तळ वाकतो, खड्ड्यात पत्रा फाटतोही.

आता बांधणी. दोर माल धरून ठेवतो असं आपल्याला वाटतं. वरून आडवा टाकलेला दोर माल फक्त खाली दाबतो, आणि माल थांबतो तो तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे. जोरात ब्रेक मारला की मालाचा पुढे जाण्याचा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरतात. तुमच्या लेथसाठी तो ६४० किलो झाला. लाकूड लोखंडी पत्र्यावर घासतं तेव्हा घर्षण वजनाच्या साधारण ०.३ पट, म्हणजे २४० किलो. कमी पडले ४००. हाताने ओढून गाठ मारलेल्या दोरात साधारण ५० किलो ताण असतो. दोन्ही बाजू मिळून १०० किलोंचा दाब, त्याचं घर्षण ३० किलो. ४०० ला ३० ने भागा: चौदा दोर लागतील, आणि तुमचा ड्रायव्हर चार म्हणतो आहे.

५० मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा, म्हणजे दातेरी हँडलने आवळायचा पट्टा, चांगला आवळला की ताण ३०० किलोंच्या आसपास जातो. एका पट्ट्याचा दाब ६०० आणि घर्षण १८०, म्हणजे तीन पट्टे. ओंडक्यांखाली रबरी मॅट घातली तर घर्षण ०.६ पट होतं. मग मशीनच्या स्वतःच्या वजनानेच ४८० किलो मिळतात, उरलेले १६० एकच पट्टा भागवतो. तरी दोन टाकाच, एका पट्ट्याभोवती माल फिरतो. मॅट एवढा फरक करते, आणि जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा हेच काम स्वस्तात करतो. मात्र हौद्यात डिझेल, ऑइल किंवा माती सांडलेली असेल तर हे सगळे आकडे कोसळतात. आधी हौदा झाडून पुसून घ्या.

पट्ट्याचा कोनही पाहा. तो मालाच्या कडेवरून सरळ खाली उतरला तर ताणाचा पूर्ण दाब पडतो. जमिनीशी ६० अंश झाला तर सुमारे ८५ टक्के, ४५ ला ७० टक्के, ३० ला फक्त निम्मा. रुंद हौद्यात बुटका माल असला की पट्टे असे आडवे पडतात. तिथे दाबून धरण्याऐवजी ओढून धरायचं: लेथच्या बेडला (पायांवरच्या लांब बैठकीला) किंवा पायांना चारही कोपऱ्यांकडे तिरके चार पट्टे लावायचे, पुढचे दोन पुढे ओढणारे आणि मागचे दोन मागे. इथे पट्ट्याच्या लेबलवर लिहिलेली पूर्ण क्षमता उपयोगी पडते आणि तुमच्या लेथला ही पद्धत जास्त योग्य आहे. अट एवढीच की हुक चॅसीच्या किंवा हौद्याच्या मुख्य चॅनलमध्ये अडकवा. ताडपत्रीचे दोर बांधायला बाहेरून जोडलेल्या बारीक सळईच्या कड्या हा ताण घेत नाहीत, आणि फाळक्यात तर पट्टा कधीच अडकवू नका.

लेथचे काही खास नियम आहेत. टेलस्टॉक (हेडस्टॉकसमोरचा सरकता आधार) आणि कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) बेडला घट्ट लॉक करा किंवा टेलस्टॉक काढून वेगळा ठेवा. चक काढता येत असेल तर काढा, हेडस्टॉक हलका होतो. पट्टा लीड स्क्रू, फीडची दांडी किंवा हँडलवरून नेऊ नका, एका धक्क्यात वाकतात आणि मग मशीन आयुष्यभर माप चुकवतं. बेडच्या घासून चकचकीत झालेल्या पट्ट्यांवर ग्रीस लावून गोणपाट गुंडाळा. जिथे पट्टा लोखंडी कडेवरून जातो तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. पट्ट्याची कड दहा टक्के कापली गेली असेल तर तो पट्टा बाद.

शेवटी ओंडक्यांपासून पुढच्या जाळीच्या तळापर्यंत लाकडी टेकू ठोका. जाळीच्या मधल्या उंचीला नव्हे, तळाला. पट्टा सैल झाला तरी मशीन जाळीवर धावून जाणार नाही.

प्रश्न: नारायणगावहून वाशीला टोमॅटोचे क्रेट नेतो. निघताना दोर तारेसारखे ताणलेले असतात, तरी मागचा ढीग दोनदा कलला. दोर बदलू का?

दोर बदला, पण खरं कारण दुसरं आहे. प्लास्टिक क्रेट पहिल्या काही किलोमीटरमध्ये एकमेकांत बसतात. प्रत्येक थर दोन-तीन मिलिमीटर खाली गेला तरी सहा थरांत दीड सेंटिमीटर झाला, आणि तेवढ्यात हाताने बांधलेल्या दोराचा सगळा ताण संपतो. म्हणून निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर गाडी थांबवून सगळे दोर पुन्हा आवळायचेच. ही पहिली थांबणी वगळली तर पुढचे दोर असून नसल्यासारखे. नंतर दर शंभर किलोमीटरला किंवा घाट लागण्याआधी एकदा हात लावून पाहा.

ढीग मागेच का कलला? पुढचे थर जाळीला टेकलेले असतात, बाजूचे फाळक्यांना, मागच्या वरच्या थरांना मात्र कशाचाच आधार नसतो. मागच्या ओळीत एक थर कमी लावा. मागच्या दोन ओळींना एकत्र वेढा घालणारा आडवा पट्टा पुढच्या दिशेने ओढून दोन्ही बाजूंच्या चॅनलला बांधा. मध्ये फट राहिली तर रिकामे क्रेट उभे घालून भरा. वरच्या कडेला लाकडी पट्टी किंवा लोखंडी अँगल ठेवून त्यावरून दोर न्या, म्हणजे दाब सगळ्या ओळीवर वाटला जातो आणि दोर क्रेटच्या कडेत रुतून टोमॅटो फोडत नाही. फुटलेल्या टोमॅटोचा रस तळाशी गेला की पत्रा साबणासारखा होतो. ताडपत्री ऊन-पाऊस अडवते, माल नाही.

दोराबद्दल. दुकानात नायलॉन म्हणून मिळणारा दोर बरेचदा नायलॉन नसतो, पॉलिप्रॉपिलीनचा असतो. एक तुकडा बादलीत टाका: तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन उन्हात खराब होतं. हाताला केसाळ आणि पांढरट पडलेलं दिसलं की फेकून द्या. नायलॉन मजबूत असतं पण ताणाखाली लांबतं. क्रेटसाठी पॉलिएस्टरचा पट्टा उत्तम. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे किमान दीड ते दोन वेढे यायला हवेत, नाहीतर तो सुटतो. खूप जास्त गुंडाळला तर रीळ भरून दात नीट बसत नाहीत. रॅचेटच्या हँडलला पाइप घालून आवळू नका. आणि तुटलेला दोर गाठ मारून वापरू नका, गाठीपाशी त्याची ताकद निम्म्यावर येते.

उतरवताना फाळक्यासमोर उभं राहू नका. प्रवासात ढीग फाळक्यावर रेललेला असतो, कडी निघाली की फाळका आणि क्रेट एकदमच येतात. आधी फटीतून पाहा, बाजूला उभं राहून कडी काढा.

प्रश्न: घराच्या बांधकामाला १२ मिलिमीटरची सळई पिकअपमधून आणायची आहे. दुकानदार मधून वाकवून केबिनवर टाकून देतो. मागे लाल फडकं बांधलं तर चालतं ना?

चालत नाही. मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर आला तरी चालेल अशी सूट पूर्वी नियमात होती. ती २०१४ मध्ये काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंड आहे. जास्त वजनालाही २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००.

दंडापेक्षा सळईचा स्वभाव जास्त महत्त्वाचा. १२ मीटरची सळई मधून वाकवली तरी ६ मीटर, म्हणजे वीस फूट राहते, आणि पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा. पुढे केबिनच्या वर आणि मागे रस्त्यावर तिची टोकं येतात, ती नेमकी मागच्या दुचाकीस्वाराच्या छाती-तोंडाच्या उंचीला. लोखंड लोखंडावर फार थोडं घर्षण देतं, वजनाच्या ०.१ ते ०.२ पट. वरून टाकलेला दोर फक्त बाहेरच्या सळ्यांना दाबतो, मधल्या सळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. ब्रेक लागला की मधल्याच पुढे निघतात.

करायचं काय? वजन काढा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिलिमीटरला मीटरमागे ०.८९ किलो, एक पूर्ण सळई १०.७ किलो. त्यावरून एकूण टनेज ठरवून लांब हौद्याच्या ट्रकने एकदाच मागवा. थोडीच हवी असेल तर इंजिनिअरकडून लांबीचा तक्ता घेऊन दुकानातच कापून घ्या. रिंगा तर तयारच मिळतात. हौद्यात मावणाऱ्या तुकड्यांच्या जुड्या करा, प्रत्येक जुडीला दोन जागी तारेने आवळा, मग पट्टा जुडीभोवती एक पूर्ण वेढा घेऊन खाली उतरवा. वेढा मधल्या सळ्यांनाही एकमेकींवर दाबतो. जुड्यांखाली लाकडी पट्ट्या घाला, म्हणजे लोखंडावर लोखंड येत नाही.

प्रश्न: ४५० किलोंचा पॉवर टिलर फळ्यांवरून चढवताना फळी निसटली. योग्य पद्धत काय?

फळी निसटते कारण टिलरचं वजन हौद्याच्या टोकावर आलं की गाडीची मागची बाजू पाच-सात सेंटिमीटर बसते, आणि फळीचं वरचं टोक तेवढं सरकतं. म्हणून चढवण्याआधी मागच्या चॅसीखाली दोन्ही बाजूंना ओंडक्यांचे घट्ट टेकू द्या. फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी आकडा किंवा खाली दोन खिळ्यांसारख्या पिना लावून त्या हौद्याच्या कडेत अडकवा, शिवाय फळी चॅसीला बांधा. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे.

हौदा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच धरला तर आठ फुटी फळीवर चढ सुमारे एकोणीस अंशांचा होतो आणि टिलर ओढायला १५० किलोंचा जोर लागतो. बारा फुटी फळीवर चढ तेरा अंशांचा, जोर १०० किलो. लांब फळी हवी, पण लांब फळी वाकतेही: ९ इंच रुंदीची फळी असेल तर ३ इंच जाडी घ्या, किंवा २ इंचीला मधोमध टेकू द्या. शेतात गाडीची मागची बाजू बांधाला लावली तर उंचीच निम्मी होते, फळ्यांवरचं अर्धं काम बांध करतो.

टिलर सर्वांत खालच्या गिअरमध्ये चढवा, उतरवताना रिव्हर्सच्या खालच्या गिअरमध्ये. फळीवर असताना हँडलवरचे वळवण्याचे क्लच अजिबात दाबू नका. उतारावर ज्या बाजूचा क्लच दाबाल ते चाक मोकळं होऊन जास्त पळतं आणि टिलर उलट्या बाजूला वळतो. हँडल धरणाऱ्याशिवाय मशीनच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहू नये, ढकलायला तर नाहीच. ओढायचंच असेल तर एक टनी चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) वापरा. वर आल्यावर इंजिन बंद, इंधनाचा कॉक बंद, गिअरमध्ये ठेवा आणि चॅसीला पट्टे लावा. हँडलला नव्हे.

प्रश्न: डाळिंबाच्या बागेसाठी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी पिकअपमध्ये ठेवून पाणी आणतो. रस्ता कच्चा असल्यामुळे अर्धीच भरतो, म्हणजे भार कमी. बरोबर ना? – तालुका माण

भार कमी झाला, धोका वाढला. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला जमतं आणि गाडी सरळ करताना दुसऱ्या बाजूला आदळतं. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते, मग पाणी पुढे येऊन तिला पुन्हा ढकलतं. उभी उंच टाकी त्यात आणखी भर घालते. टाकी काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, मधलं काही नको. लिटरला एक किलो, हे विसरू नका: हजार लिटर म्हणजे एक टन. गाडीची मर्यादा त्याहून कमी असेल तर २०० लिटरचे झाकणवाले ड्रम घ्या, वजनाच्या मर्यादेत जेवढे बसतील तेवढे पूर्ण भरा, मागच्या एक्सलच्या पुढे एकमेकांना चिकटवून उभे करा आणि सगळ्यांच्या पोटाभोवती एकच पट्टा आवळून मग तो गठ्ठा हौद्याला बांधा.

प्रश्न: माल उतरवायला चार मजूर लागतात. ते मालावर बसून आले तर विम्याला अडचण येते का?

येते, पण आधी जिवाचा विचार करा. वरच्या हिशेबात माल त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जातो असं धरलं. मालावर बसलेल्या माणसाला धरून ठेवणारं तर काहीच नसतं, आणि माल सरकला की तो मालाखाली जातो. कायद्याच्या बाजूने: १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. बाकी फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी मालवाहू गाडीच्या विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर ती रक्कम गाडीमालकाच्या खिशातून जाते. मजुरांना एसटीने किंवा रिक्षाने पाठवा आणि ते भाडं वाहतुकीच्या खर्चात धरा.

प्रश्न: राधानगरीहून फोंडा घाट उतरताना भरलेल्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास येतो, पायथ्याशी पेडल खाली जातं. लायनर नवीनच आहेत.

वास लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांचा, पण खाली जाणारं पेडल ब्रेक ऑइलचं दुखणं सांगतं. दोन्हींत फरक करा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापून गुळगुळीत झाले. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. दोन वर्षांत बदललं नसेल तर आधी पूर्ण बदलून हवा काढून घ्या, मगच पुढची खेप.

उतरताना, ज्या गिअरमध्ये तुमची भरलेली गाडी तो घाट चढेल त्याच गिअरमध्ये किंवा त्याच्या एक खाली. गिअर घाटाच्या माथ्यावरच टाका, वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. ब्रेकवर पाय ठेवून सरपटत उतरू नका. वेग वाढला की जोरात, थोडा वेळ दाबा, वेग कमी करा, पाय पूर्ण काढा, म्हणजे चाकांतल्या ब्रेक ड्रमला मधे थंड व्हायला वेळ मिळतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे चालक अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि स्टेअरिंगही जड होतं.

वास आलाच तर पहिल्या रुंद जागी थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका: गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. निघण्याआधी जागेवरच दोनदा पेडल दाबून ते पूर्वीच्या उंचीला थांबतं का पाहा. थांबत नसेल तर गाडी तिथेच ठेवा आणि मेकॅनिकला घाटात बोलवा.